विंटर टायरची तुलना करताना या चुका टाळा

आकाशातून भुरभुरतो तोही बर्फ आणि रस्त्यावर काचेसारखा गोठतो तोही बर्फच. मराठीत बोलताना दोन्हींना एकच शब्द; इथे भुसभुशीत तो हिम, गोठलेला तो बर्फ. टोरांटो, माँट्रियल किंवा म्युनिकमध्ये पहिल्या हिवाळ्यासाठी टायर निवडताना नेमकी इथेच गल्लत होते. भुसभुशीत हिम टायरच्या खोल खाचांत दाबून बसतं आणि हिमच हिमाला धरतं. गोठलेल्या लादीवर मात्र खोल खाचांचा फारसा उपयोग नाही. तिथे कामाला येतं थंडीत मऊ राहणारं रबर, नक्षीतल्या बारीक चिरा आणि परवानगी असेल तिथे टायरात रोवलेले धातूचे खिळे.

चिन्ह पाहून निर्धास्त होणं

टायरच्या कडेवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह असतं. उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत दाबलेल्या हिमावर गाडीला वेग घेताना मिळणारी पकड मोजतात, आणि ती ठरावीक संदर्भ-टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त भरली की हे चिन्ह मिळतं. त्यात ब्रेक नाही, वळण नाही आणि गोठलेला बर्फ तर नाहीच. बारमाही टायरवरही हे चिन्ह असू शकतं. नुसतं 'एम+एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि हिम) त्याहून कच्चं, कारण त्यामागे कुठलीच चाचणी नसते. जर्मनीत हिवाळी रस्त्यांसाठी ते १ ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. युरोपात विकत घेत असाल तर मे २०२१ पासूनच्या लेबलवर बर्फावरच्या पकडीचं वेगळं चिन्ह असतं, ते शोधा.

दोन वेगळ्या जातींची तुलना

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. विंटर टायरच्या दोन जाती आहेत. नॉर्डिक जातीचं रबर फार मऊ, कडक थंडी आणि गोठलेल्या रस्त्यांसाठी बनवलेलं: मिशलिन एक्स-आइस स्नो, ब्रिजस्टोन ब्लिझॅक डब्ल्यूएस९०, कॉन्टिनेंटल व्हायकिंगकॉन्टॅक्ट ७, नोकियन हाकापेलिट्टा आर५. दुसरी मध्य युरोपीय जात ओल्या, थंड रस्त्यांसाठी आणि ऑटोबानच्या (जर्मन महामार्गांच्या) वेगासाठी असते: मिशलिन अल्पिन, कॉन्टिनेंटल विंटरकॉन्टॅक्ट. कंपनी एकच, टायरचा स्वभाव वेगळा. जर्मनीच्या एडीएसी या वाहन-क्लबच्या चाचण्यांत ओल्या आणि कोरड्या रस्त्याच्या गुणांनाही बरंच वजन असतं. तो निकाल बघून कॅनडातल्या कडक थंडीच्या एडमंटनसाठी टायर घेतला तर फसाल. उलट नॉर्डिक टायर म्युनिकच्या डिसेंबरातल्या पावसात ब्रेक लावताना लांब घसरतो. टायरवरच्या कमाल वेगाच्या अक्षरावरून अंदाज येतो (कंसात ताशी किलोमीटर): क्यू (१६०), आर (१७०), टी (१९०) बहुतेक नॉर्डिक, एच (२१०), व्ही (२४०) बहुतेक मध्य युरोपीय. अपवाद असतात, म्हणून मॉडेलचं नावही तपासा.

बर्फावरचे आकडे वाचताना चाचणीचं तापमान पाहा. उणे १५ ला बर्फ कोरडा असतो, रबर त्याला बऱ्यापैकी धरतं. शून्याच्या आसपास वर पाण्याचा पातळ थर येतो आणि तोच बर्फ साबणासारखा होतो. खिळ्यांचा खरा फायदा तिथे दिसतो. पण जर्मनीत खिळ्यांवर जवळजवळ सर्वत्र बंदी आहे आणि कॅनडातल्या दक्षिण ऑन्टारिओतही ते चालत नाहीत.

दोनच टायर, आणि आकार

पुढे दोनच बसवले की पुढची चाकं धरतात, मागची सुटतात आणि गाडी गर्रकन फिरते. चारही घ्या. चारचाकी ड्राइव्हमुळे गाडी निघते छान, थांबत नाही. आकारात २२५/४५ आर १७ ऐवजी २०५/५५ आर १६ घेतला तर चाकाचा व्यास जवळपास तेवढाच राहतो आणि अरुंद टायर पातळ चिखलबर्फ चांगला कापतो. मात्र १६ इंची रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे आधी पाहा.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

पहिल्या थंड सकाळी टायरमधली हवा कमी असल्याचा दिवा लागला? तापमान ५-६ अंशांनी उतरलं की हवेचा दाब साधारण १ पीएसआय (दाबाचं एकक) कमी होतो. २० अंशांच्या गॅरेजात भरलेले ३३ पीएसआय उणे १० ला २८ च्या आसपास उतरतात. गाडी रात्रभर बाहेर उभी असताना, दाराच्या खांबावरच्या पट्टीप्रमाणे भरा. पकड वाढेल म्हणून हवा कमी ठेवू नका.

स्टिअरिंग थरथरतंय? बॅलन्सिंगला पळण्याआधी रिमच्या आत गोठलेला बर्फ काढा, बहुतेकदा दोषी तोच. तरीही थरथरत असेल तर हबवरचा (चाक जिथे बसतं त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने घासून काढा, आणि बाहेरून घेतलेल्या रिमचं मधलं भोक मोठं असेल तर योग्य मापाची रिंग बसवा.

तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यात पकड गेल्यासारखी वाटते? खाच मोजा. नव्या टायरला ८-९ मिलिमीटर असते. ४ च्या खाली गेली की हिमात तो टायर साधाच. ब्लिझॅकसारख्या काही टायरमध्ये खास रबर फक्त वरच्या थरात असतं, त्यामुळे बर्फावरची पकड नक्षी शिल्लक असतानाच ढासळते. जुना टायर विकत घेताना टायरच्या कडेवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: ३५२३ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा.

चाकं बदलल्यावर ८०-१०० किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. वसंतात तापमान ७ अंशांच्या वर टिकू लागलं की टायर उतरवा. रिमसकट असतील तर आडवे रचा किंवा टांगा. नुसते टायर असतील तर उभे ठेवा आणि महिन्यातून एकदा थोडे फिरवा.