चालायला त्रास असलेला माणूस आपल्या वाडीत कुठपर्यंत पोचतो, हे मोजायचं कसं

आमच्याकडच्या एका ऑफिसला रॅम्प आहे. जोतं दोन फूट उंच, रॅम्प जेमतेम आठ फूट, म्हणजे घसरगुंडीच, आणि तोंडाशी बाईक लावलेल्या. कागदावर मात्र "रॅम्प: आहे". म्हणून सांगतो, नुसती इमारत मोजू नका, वाट मोजा, घरच्या उंबऱ्यापासून ते कामाच्या खिडकीपर्यंत.

पहिल्यांदा ठिकाणं ठरवा. रेशन दुकान, आरोग्य उपकेंद्र, एसटीचा थांबा, मतदान होतं ती शाळा, ग्रामपंचायत, असली तर जेटी. सात-आठ पुरे. पण ही यादी आपण बसून करायची नाही, ज्याला त्रास आहे त्यालाच विचारायचं. मी बँक धरून बसलेलो आणि आमच्या आत्याने पहिलं नाव घेतलं ते देवळाचं, गुडघे गेल्यापासून भजनाला गेली नाही म्हणे.

सामान काही फार लागत नाही: टेप, वही, फोन, 120 सेंमीची एक सरळ पट्टी आणि गवंड्याकडून मागून आणलेली लेव्हल.

आता उतार. पट्टीवर लेव्हल ठेवा, पट्टीचं एक टोक रॅम्पवर टेकवा, दुसरं टोक उताराच्या दिशेला धरून बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला, मग त्या उचललेल्या टोकापासून खाली रॅम्पपर्यंत टेप लावा. 10 सेंमी किंवा त्याहून कमी आलं तर 1:12 मध्ये (एक फूट चढायला बारा फूट लांबी) बसलं, म्हणजे पास. आमच्या त्या रॅम्पला 31 आले! दोन फूट चढायला 24 फूट रॅम्प लागतो, जागा नसेल तर वळवून घ्यावा लागतो, पण लागतोच.

दार मोकळं 90 सेंमी हवं. जुन्या दोन फळ्यांच्या दाराची एक फळी कायम कडी लावून बंद असते, तेव्हा एकच फळी उघडून मोजा, दोन्ही उघडून मोजलंत तर ती स्वतःचीच फसवणूक.

पाखाडीला, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेला, जरा वेळ द्या, आपल्याकडे खरी अडचण तिथेच आहे. पायऱ्या मोजा, आणि उंचीची सरासरी काढू नका, सगळ्यात उंच पायरी कुठली ते लिहा, कारण माणूस अडतो तो त्या एकीला. 15 सेंमी चालतं, चिऱ्याची पायरी कधी कधी याच्या दीडपट निघते. धरायला रेलिंग आहे की नुसता गडगा, मध्ये टेकायला जागा आहे का, व्हीलचेअरसाठी फिरून का होईना पण दुसरी वाट आहे का, तेही लिहा.

मग त्या माणसाबरोबर ती वाट खरंच चाला. मागितल्याशिवाय हात द्यायचा नाही (हे सगळ्यात कठीण जातं). किती मिनिटं लागली, किती वेळा थांबावं लागलं ते नोंदवा आणि शेवटी खूण करा: एकट्याने जमलं तर हिरवी, कोणी धरल्यावर जमलं तर पिवळी, नाहीच जमलं तर लाल. पिवळ्याला पास समजू नका, गणपतीत चाकरमानी आले की धरायला चार हात असतात, एरवी वाडीत कोण असतं?

हे सगळं दोनदा करा, एकदा मे महिन्यात आणि एकदा श्रावणात, कारण मेमधली हिरवी खूण शेवाळ धरलं की लाल होते. जेटीवर ओहोटीलाच जा, भरतीला बोट जवळजवळ काठाला लागते आणि ओहोटीला तीच खाली जाते, मग तिथल्या ओल्या पायऱ्या उतरताना धडधाकट माणूससुद्धा दोनदा विचार करतो.

शेवटी वाडीचा नकाशा हाताने काढा, वाटा रंगवा आणि ग्रामसभेत ठेवा. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सोबत असू दे, शिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी असतात, ते कुठे खर्च झाले तेही विचारा. चार-पाच वाटा एकाच जागी लाल होत असतील तर पहिली मागणी तिथलीच करा. आमच्याकडे अशी जागा निघाली ती पऱ्यावरच्या (ओढ्यावरच्या) साकवाअलीकडच्या, म्हणजे छोट्या पुलाअलीकडच्या तीन पायऱ्या, फक्त तीन, आणि आत्याचं देऊळ, रेशन, एसटी सगळं त्यांच्या पलीकडे.