इलेक्ट्रिक गाडी चार्ज करताना या चुका टाळा

नवी इलेक्ट्रिक गाडी दारात उभी राहिली की पहिला सल्ला मिळतो तो ८० टक्क्यांच्या वर चार्ज न करण्याचा. सल्ला चुकीचा नाही, पण तो सरसकट सगळ्या गाड्यांना लावणे ही चूक आहे. निकेल-मँगनीज-कोबाल्ट म्हणजे एनएमसी प्रकारच्या बॅटरीला तो लागू पडतो, कारण पूर्ण भरल्यावर तिच्या प्रत्येक सेलचे व्होल्टेज सुमारे ४.२ पर्यंत चढते आणि त्या ताणाखाली, त्यातही उष्णतेत, तिची क्षमता लवकर घटते. नेक्सॉन किंवा टियागो ईव्हीमध्ये मात्र लिथियम-आयर्न-फॉस्फेट म्हणजे एलएफपी सेल असतात. त्यांचे व्होल्टेज बराच काळ ३.२ ते ३.३ च्या आसपासच राहत असल्यामुळे केवळ त्यावरून किती चार्ज उरला, हे गाडीला नेमके ओळखता येत नाही. महिनोन् महिने ८० वरच थांबणाऱ्या मालकाला मग एके दिवशी १८ टक्क्यांवरून आकडा एकदम ९ वर आलेला दिसतो आणि बॅटरी गेली असे वाटून तो धसका घेतो. बहुधा बिघाड बॅटरीत नसून गाडीने उरलेल्या चार्जच्या लावलेल्या हिशेबात असतो. अशा वेळी घरच्या संथ (एसी) चार्जरवर गाडी १०० टक्के भरावी आणि आकडा पूर्ण दिसल्यावरही तासाभरासाठी प्लग काढू नये, कारण सेल एकमेकांशी समतोल करण्याचे काम शेवटीच चालते. ही पूर्ण चार्जिंग किती दिवसांनी करावी, ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

दुसरी चूक उन्हाळ्यातली. मे महिन्यात समृद्धी महामार्गावरून भर दुपारी नागपुरात पोहोचायचे, तापलेली गाडी लगेच फास्ट चार्जरला लावून काठोकाठ भरायची आणि संध्याकाळपर्यंत उन्हात सोडायची, यात बॅटरीचे सगळे शत्रू एकत्र येतात. अशा वेळी चार्जिंग मंदावले तर चार्जरला दोष देण्याची घाई करू नये. बॅटरी तापल्यामुळे गाडीनेच वेग कमी केलेला असू शकतो. ८० टक्क्यांनंतर तो तसाही उतरतो, तेव्हा मागे रांग असेल तर तिथेच प्लग काढलेला बरा.

घरी ३.३ किलोवॅटचा चार्जर ३० किलोवॅट-तासांची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर नेण्यास साधारण सहा तास घेतो. म्हणून रात्री आठला प्लग लावून निश्चिंत होण्यापेक्षा टायमर लावून चार्जिंग पहाटे संपेल असे पाहावे. गणपतीत गाडी घरी ठेवून रेल्वेने कोकणात जाणार असाल, तर ती पूर्ण भरून किंवा अगदी रिकामी न ठेवता निम्म्याच्या आसपास ठेवावी.

प्लगचा बॅटरीच्या आयुष्याशी थेट संबंध नाही, पण घराच्या आयुष्याशी आहे. तासाभराच्या चार्जिंगनंतर १५ अँपिअरचा प्लग हाताला चटका देत असेल किंवा पिनेभोवती काळा डाग दिसत असेल, तर आतला संपर्क सैल झाला आहे असे समजावे, चार्जिंग थांबवावे आणि इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट बदलून घेताना अर्थिंगही तपासून घ्यावे. साध्या एक्स्टेंशन बोर्डावर गाडी कधीही लावू नये.