प्रिकर्सर बदलून सिलिका जेल करणार असाल तर

टीईओएस (टेट्राइथॉक्सीसिलेन), टीएमओएस (टेट्रामिथॉक्सीसिलेन), एमटीएमएस (मिथिलट्रायमिथॉक्सीसिलेन) आणि वॉटरग्लास (सोडियम सिलिकेटचं द्रावण) हे चार प्रिकर्सर, म्हणजे सिलिका जेल ज्यांपासून बनतं ती मूळ सिलिकॉन-संयुगं. या चौघांची जेलं शेजारी ठेवून छिद्रांची रचना ताडून पाहायची असेल, तर बाटल्यांच्या आधी वही उघडा आणि प्रत्येकाचे मोल काढा. मिलिलिटर नव्हे, मोल, म्हणजे रेणूंच्या संख्येचं माप. गेल्या वेळी नेमकं हेच राहिलं आणि तुलनेची अख्खी मालिका फुकट गेली. १० मिलिलिटर टीईओएस म्हणजे साधारण ९.३ ग्रॅम, रेणुभार २०८, म्हणजे सुमारे ४५ मिलिमोल सिलिकॉन. तेवढ्याच टीएमओएसमध्ये ६७ मिलिमोल. एकातून २.७ ग्रॅम सिलिका, दुसऱ्यातून ४ ग्रॅम. मग दुसऱ्याचं जाळं दाट निघालं, घनता वाढली, तर त्यात प्रिकर्सरचा गुण किती आणि नुसत्या जास्त सिलिकेचा किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. बाटली थेट तराजूवर ठेवा, वजनाने घ्या.

हातमोजे, चष्मा, स्वच्छ भांडी हे सांगायला नको. टीएमओएस मात्र फ्यूम हूडबाहेर (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) उघडायचंच नाही. त्याच्या वाफेने डोळ्याच्या कॉर्नियाला इजा होते आणि त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो. ‘एवढंसंच तर घ्यायचंय’ असं म्हणून कुणी बाहेर ओतत असेल तर हात धरून थांबवा.

आता पाणी. तेही मोलमध्येच, दर मोल सिलिकॉनमागे किती ते ठरवून. आणि पाणी फक्त पाण्याच्या बाटलीतून येत नाही. ९५ टक्क्यांचं स्पिरिट ३० मिलिलिटर घेतलंत की दीडेक मिलिलिटर पाणी आपोआप आलं. वरच्या १० मिलिलिटर टीईओएससाठी ते दर मोलमागे जवळजवळ २ मोल होतं. अमोनियाचं द्रावण तर बहुतेक पाणीच असतं. हे सगळं बेरजेत धरा.

अल्कोहोल प्रिकर्सरला साजेसं हवं: टीएमओएसला मिथेनॉल, टीईओएसला इथेनॉल. उलट केलंत तर मिथॉक्सी-इथॉक्सी गटांची अदलाबदल होते आणि तुम्ही नक्की कोणता रेणू तपासताय हेच कळेनासं होतं. सगळ्यांना एकच अल्कोहोल वापरायचं ठरवलं असेल तर तसं वहीत स्पष्ट लिहा.

उत्प्रेरकांचा, म्हणजे आम्ल आणि अमोनियाचा, क्रम आधी पक्का करा. टीएमओएसचं जलविघटन (पाण्याने रेणू फुटणं) झपाट्याने होतं, टीईओएसचं रेंगाळतं. टीईओएस पाण्यात मिसळतही नाही, अल्कोहोल कमी पडलं तर वर वेगळा थर दिसतो. ढवळत राहून द्रावण एकसंध, नितळ होईपर्यंत अमोनियाला हात लावू नका. आधी आम्ल, मग अल्कली, ही दोन टप्प्यांची पद्धत इथे सोयीची. नुसत्या आम्लात कमी फांद्यांच्या साखळ्या आणि बारीक छिद्रं मिळतात. अल्कलीत कणांचे झुबके आणि मोठी छिद्रं. म्हणजे पीएच सरकला तरी रचना बदलते, आणि दोष की श्रेय उगाच प्रिकर्सरला जातं. पीएच आणि जेल होण्याचं तापमान चौघांना सारखंच ठेवा, एखाद्याला जमतच नसेल तर फरक नोंदवा. एवढं पाळलं की टीएमओएसची छिद्रं साधारणपणे बारीक आणि एकसारखी, टीईओएसची आकारांत जास्त विखुरलेली दिसतात, आणि तो फरक खरा म्हणता येतो.

एमटीएमएसचा हिशेब निराळा. सिलिकॉनच्या चार हातांपैकी एकावर मिथिल गट पक्का बसलेला, तो जोडणीत येत नाही. जाळं सैल, छिद्रं मोठी, जेल दुधट, पाण्याला न भिजणारं आणि दाबलं तर परत उसळणारं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ए. व्यंकटेश्वर राव आणि सहकाऱ्यांनी लवचीक एरोजेल (आतला द्रव काढून त्या जागी हवा राहिलेलं जेल) यातूनच केलं, २००६ साली ते प्रसिद्ध झालं. ऑक्झॅलिक आम्ल, मग अमोनिया, आणि मिथेनॉल भरपूर. इथेही १० मिलिलिटर म्हणजे ७० मिलिमोल. मोल, पुन्हा सांगतो.

वॉटरग्लास स्वस्त, अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ सॅम्युएल किसलरने १९३१ मध्ये पहिलं एरोजेल केलं तेही यातूनच. पण सोडियम काढावंच लागतं: सौम्य करून आयन-एक्स्चेंज रेझिनमधून (सोडियम धरून ठेवणाऱ्या दाण्यांमधून) सोडा, पीएच २-३ वर येतो. हे सिलिसिक आम्ल उद्यावर ठेवू नका. सिलिकेचं प्रमाण पुरवठादारानुसार बदलतं, लेबल वाचून मोल काढा, अंदाजाने नाही.

पुढचं थोडक्यात. कुपी तिरपी करून पृष्ठभाग हलला नाही की वेळ लिहा. एजिंग (जेल तसंच मुरत ठेवणं) सगळ्यांना सारखं, त्याच अल्कोहोलखाली. उघडं ठेवलंत तर तडे. वाळवण्याची पद्धत सगळ्यांना एकच ठेवा: उघड्यावर वाळवलेलं जेल आकसून दाट होतं, त्याला झेरोजेल म्हणतात; सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडला ३१ अंश आणि ७४ बारच्या वर जावं लागतं, आणि त्याआधी अल्कोहोलच्या जागी पूर्णपणे द्रवरूप कार्बन डायऑक्साइड आलेला हवा. बीईटीआधी (नायट्रोजन शोषवून पृष्ठफळ आणि छिद्रं मोजण्याच्या चाचणीआधी) डीगॅस करा, म्हणजे आतली वाफ-हवा काढा. ५० नॅनोमीटरच्या बऱ्याच वरची छिद्रं नायट्रोजनला नीट सापडत नाहीत, एमटीएमएससाठी घनतेवरूनही छिद्रांचं आकारमान काढा. आणि आलेखाखाली दर मोल सिलिकॉनचा हिशेब छापा.