जुने मळणी यंत्र खळ्यावर लावण्यापूर्वी

सोयाबीनच्या सुड्या मोडण्याची वेळ आली की गावोगावची जुनी मळणी यंत्रे बाहेर निघतात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या पट्ट्यावरची जाळी कधीतरी दुरुस्तीसाठी काढलेली असते, ती पुन्हा बसलेलीच नसते. ‘इतकी वर्षे असेच चालवतो, काही झाले नाही’ असे मालक सांगतो, तेव्हा त्याचे बोलणे खरे मानले तरी यंत्र तपासल्याशिवाय खळ्यावर घेऊ नये.

तपासणी आदल्या दिवशी, ट्रॅक्टर बंद असताना करावी. सर्वप्रथम पीटीओचा शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची शक्ती मळणी यंत्राला पोहोचवणारा फिरता दांडा, पाहावा. तो मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. साडीचा पदर किंवा उपरण्याचे टोक त्यात सापडले, तर माणसाला मागे सरकायलाही अवधी मिळत नाही. शाफ्टवर आवरण नसेल, तर ते बसवून घेईपर्यंत मळणी पुढे ढकलावी.

त्यानंतर पेंढ्या आत सारण्याची पन्हाळ मोजावी. भारतीय मानकानुसार तिची लांबी किमान ९०० मिलिमीटर आणि ड्रमकडचा निदान ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला असावा, म्हणजे घास घालणाऱ्याचा हात ड्रमपर्यंत पोहोचत नाही. जुन्या यंत्रांची पन्हाळ आखूड असेल, तर गावातल्या वेल्डरकडून पत्रा वाढवून घेता येतो आणि तो खर्च मालकानेच करावा.

घास घालणाऱ्याला उभे राहायला सपाट, पक्की जागा द्यावी, त्याची पाळी ठरावीक वेळाने बदलावी आणि मुलांना खळ्यापासून दूर ठेवावे. ड्रम तुंबला तर इंजिन बंद केल्यावरही जड चाक काही काळ फिरत राहते, म्हणून ते पूर्ण थांबेपर्यंत आत हात घालू नये.

१९८३ च्या धोकादायक यंत्रे (नियमन) कायद्याने शक्तिचलित मळणी यंत्राला धोकादायक ठरवले आहे. असे असूनही बोटे गेली की ‘तिचेच लक्ष नव्हते’ असे म्हटले जाते. दिवसभर धुळीत उभ्या असलेल्या मजूर बाईवर उघड्या यंत्राचा दोष ढकलणे मला अन्यायाचे वाटते.

मळणी सुरू करण्यापूर्वी खळ्यावरच्या प्रत्येकाला ट्रॅक्टर बंद करायला शिकवावे. अनेक जुन्या ट्रॅक्टरांचे इंजिन चावी फिरवून थांबत नाही, त्यासाठी बंद करण्याची दांडी ओढावी लागते. ती कोठे आहे हे दाखवून प्रत्येकाकडून एकदा ओढून घ्यावी.