थिसिसच्या टेबलाखाली टिपा घालायला बसण्याआधी

ज्यांचा थिसिस नाहीतर प्रोजेक्ट रिपोर्ट सबमिशनला आलाय त्यांच्यासाठी लिहितेय. सांगलीच्या विश्रामबागेत माझं टायपिंग-बाइंडिंगचं काम आहे, सांगली-मिरजेची, तासगाव-पलूसकडची मुलं पेनड्राईव्ह घेऊन येतात आणि सगळ्यात जास्त वेळ कुठं जातो तर टेबलाखालच्या टिपांत, म्हणजे तक्त्याखाली आकड्यांचा खुलासा करणाऱ्या बारीक ओळींत. मजकूर पटकन होतो, टेबलंही होतात, पण टिपा शेवटच्या रात्री घातल्या की पानं सरकतात, टीप एका पानावर आणि टेबल दुसऱ्या पानावर. आणि टीप नसलेला आकडा वाचणाऱ्याची सरळ दिशाभूल करतो, म्हणून मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

तर आधी वर्ड उघडूच नका. सगळ्या टेबलांची साधी प्रिंट काढा, पेन्सिल घ्या, आणि प्रत्येक आकड्यापाशी थांबून बघा की परक्या माणसाला इथं काय प्रश्न पडेल. आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. सांगलीच्या दहा तालुक्यांची लोकसंख्या १९९१ पासून मांडायची म्हटलं तर पलूस आणि कडेगावपुढं १९९१ च्या कॉलमात काय लिहिणार? मुलं नुसती रेघ मारतात. वाचणाऱ्याला वाटतं माहितीच मिळाली नाही, खरं तर तेव्हा हे तालुकेच वेगळे नव्हते. त्याहून वाईट म्हणजे खानापूर, कारण तिथं रेघ नाही, आकडा आहे, १९९१ चा मोठा आणि २०११ चा लहान, आणि टीप नसेल तर कुणीही म्हणेल की माणसं तालुका सोडून गेली, पण झालंय एवढंच की मधल्या काळात कडेगाव त्यातून वेगळा निघाला. म्हणजे टीप रेघेला हवीच पण खानापूरच्या आकड्याला जास्त हवी. अशा जागा पेन्सिलीनं गोल करून ठेवा.

गोल झाले की त्यांची वाटणी करा. आकडे कुठून घेतले आणि एकक काय, हे सगळ्या टेबलाला लागू असतं, त्याला खूण लागत नाही, खाली नुसतं 'स्रोत' आणि 'टीप' असं लिहायचं. कोयनेच्या पाणीसाठ्याचं टेबल असेल, क्षमता १०५.२५ टीएमसी, तर एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट हे तिथं खाली एकदाच सांगा, प्रत्येक ओळीला नको. त्यानंतर एखाद्या कॉलमच्या किंवा सेलच्या टिपा, त्यांना खुणा लागतात. आणि संख्याशास्त्रवाल्यांच्या फुल्या (*), एक फुली म्हणजे पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना नुसत्या योगायोगानं असा निकाल दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी, दोन म्हणजे ०.०१ पेक्षा कमी, त्या सगळ्यात शेवटी. फुली त्याच कामाला राखून ठेवा, दुसऱ्या टिपेला वापरली की गोंधळ ठरलेला. आणि आपल्या गाईडनं किंवा विद्यापीठानं काही पद्धत ठरवून दिली असेल तर तो कागद आधी शेजारी ठेवा, माझ्या सांगण्यापेक्षा तो मोठा.

आता खूण कुठली घ्यायची. आकडा घेऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगते. एका मुलाचा कृष्णेच्या पुरावरचा प्रोजेक्ट होता, आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, आणि त्या ४५ ला त्यानं वर बारीक १ चढवला होता, टीप क्रमांक एक म्हणून. टेबल वर्डमध्ये दिसायला ठीकच होतं. मग ग्राफ काढायला त्यानं ते एक्सेलमध्ये फॉरमॅटिंग न घेता पेस्ट केलं आणि चढवलेला १ खाली उतरून शेजारी बसला, धोका पातळी झाली ४५१ फूट. त्यानं ते पकडलं कारण ग्राफची रेघ आभाळाला टेकली, पण तेच पाच आकडी लोकसंख्येच्या मागं एक आकडा चिकटला असता तर कुणाच्या लक्षात आलं असतं? म्हणून अक्षर घ्या. इंग्रजी थिसिसला ए, बी, सी लहान लिपीतले, मराठीला अ, ब, क, ड. अ, आ, इ घेऊ नका, कारण वर चढवल्यावर अक्षर इतकं बारीक होतं की आ चा काना झेरॉक्समध्ये उडतो आणि त्याचा अ होतो. क्रम वाचतो तसाच, डावीकडून उजवीकडे एक ओळ, मग खालची ओळ, आणि प्रत्येक टेबलाला परत अ पासून सुरुवात.

मग ठरवायचं टीप बसणार कुठं. वर्डमध्ये सेलमध्ये कर्सर ठेवून ऑल्ट-कंट्रोल-एफ दाबलं की फूटनोट येते, पण ती टेबलाखाली येत नाही, पानाच्या तळाला जाते, आणि नंबरही मजकुरातल्या तळटिपांच्या रांगेतला मिळतो, म्हणजे टेबलात पहिलीच टीप आणि तिला नंबर २३. टेबल पान भरून असेल आणि टिपा एक-दोनच असतील तर चालून जातं, आणि ओळी वरखाली केल्या तर नंबर आपोआप बदलतात हा फायदा आहेच. पण टेबल पानाच्या मध्यावर, खाली चार परिच्छेद, आणि टीप एकदम तळाला, असं झालं की वाचणारा खाली जातच नाही. काहीजण टेबलाच्या आधी आणि नंतर कंटिन्युअस सेक्शन ब्रेक (पान न बदलता फाईलचा भाग तोडणारी खूण) टाकून एंडनोट 'सेक्शनच्या शेवटी' अशी लावतात, त्यानं टिपा बरोबर टेबलाखाली येतात, नंबरिंगही आपोआप. मी मात्र थिसिसला हे करत नाही. पन्नास टेबलं म्हणजे शंभर ब्रेक, आणि पुढं पान नंबर नाहीतर हेडर कुठंतरी बिघडला की कुठल्या ब्रेकनं बिघडवला ते शोधत बसायचं.

माझी पद्धत साधी आहे. टेबलाला शेवटी एक रो वाढवायची, तिचे सगळे सेल मर्ज करायचे, डावी, उजवी आणि खालची बॉर्डर काढायची, आणि टिपा त्यात लिहायच्या, टेबलाच्या अक्षरापेक्षा एक-दोन पॉइंट लहान. टेबल उचलून दुसऱ्या चॅप्टरला नेलं तरी टिपा सोबत जातात. खूण चढवायला कंट्रोल-शिफ्ट आणि अधिकचं बटण, अक्षर टाइप करा आणि परत तेच दाबून खाली या, नाहीतर पुढचं सगळं वर चढतं. एकाच टिपेची खूण तीन सेलना लागत असेल तर तिन्हीकडं तेच अक्षर टाका, या पद्धतीत काही अडत नाही. फक्त सॉर्टिंग आणि बेरजा या रोच्या आधी उरकून घ्या, कारण नंतर ओळी हलवल्या तर अक्षरं आपोआप बदलत नाहीत, हातानं बघावी लागतात.

टेबल तुटू नये याचीही तयारी आत्ताच करा. शेवटच्या तीन-चार डेटाच्या ओळी सिलेक्ट करून पॅराग्राफमध्ये 'कीप विथ नेक्स्ट' लावा, टिपांची रो सोडून, म्हणजे टीप एकटी पुढच्या पानावर जाणार नाही. टेबल प्रॉपर्टीजमध्ये रो दोन पानांत तुटू द्यायची टिकमार्क काढा, टेक्स्ट रॅपिंग 'नन' ठेवा. टेबल दोन-तीन पानांचं असेल आणि वरची हेडिंगची ओळ प्रत्येक पानावर रिपीट होत असेल तर हेडिंगमध्ये खूण ठेवू नका, पहिल्या पानावरच्या माणसाला टीप तिसऱ्या पानावर सापडणार, त्यापेक्षा एककासारखी गोष्ट सरळ हेडिंगमध्येच कंसात लिहा. टेबलाच्या नावालाही खूण नको, हातानं चढवलेलं अक्षर तक्त्यांच्या यादीत जाऊन बसतं.

बाकी बारीकसारीक. एक्सेलमधून फोटो म्हणून चिकटवलेलं टेबल असेल तर त्यात काही घालता येत नाही, मूळ फाईल आणा. टेक्स्ट बॉक्समध्ये टेबल असेल तर वर्ड फूटनोट घेतच नाही. जुन्या श्रीलिपी-टाइप फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर फुलीच्या जागी भलतंच अक्षर उमटू शकतं, आधी युनिकोड करून घ्या. लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' ठेवलं असेल तर वर चढवलेल्या अक्षराचं डोकं कापलं जातं, वेलांट्याही कापल्या जातात, ते बदला.

शेवटी पीडीएफ करा, बॉण्ड पेपर अजून लावू नका. फक्त टेबलांची पानं साध्या कागदावर काढा, एकानं टेबलातली खूण वाचायची आणि दुसऱ्यानं खालची टीप, अ ला अ, ब ला ब, आणि जिथं खूण आहे पण टीप नाही किंवा टीप आहे पण खूण नाही तिथं लाल पेन. ती पानं घेऊन या, मग बाइंडिंगचं बघू.