क्षयजंतूच्या प्रथिनांच्या रचना पाहताना या चुका टाळा

पावसाळ्यात पणजीत माझ्याकडे प्रकल्पासाठी एमएस्सीचे विद्यार्थी येतात आणि क्षयजंतूच्या प्रथिनांच्या रचना डेटाबेसमधून उतरवून घेतात. रचना पाच मिनिटांत उतरते. ती कोणत्या जंतूची आणि कशी मिळवलेली, हे वाचायला लागणारी पुढची दहा मिनिटे मात्र कोणी देत नाही.

सर्वांत महागात पडते ती क्रमांकांची चूक. क्षयावरचे औषध रिफॅम्पिसिन जंतूच्या ज्या आरपीओबी प्रथिनाला चिकटते, त्यातील सेरीन या एका अमिनो आम्लाच्या जागी ल्युसिन हे दुसरे आम्ल आले की औषध निकामी ठरते आणि जुन्या शोधनिबंधांत ही जागा ५३१ या क्रमांकाने नोंदलेली असते. तो क्रमांक ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या प्रथिनाचा आहे. क्षयजंतूच्या प्रथिनात तेच सेरीन ४५० वे येते. एका विद्यार्थ्याने चवथीपूर्वी काम उरकायचे म्हणून ५३१ हा आकडा तसाच क्षयजंतूच्या रचनेत घातला, तिथे ल्युसिन बसवले आणि तीन आठवडे डॉकिंग, म्हणजे औषध प्रथिनात कसे बसते याचे संगणकी गणित, चालवले. औषधाची पकड काही सैल होईना. “सर, प्रोग्रॅमने एकही एरर दिली नाही,” असे तो काकुळतीने सांगत होता. प्रोग्रॅम सांगितलेले आम्ल बदलतो; तिथे आधी सेरीन होते का, हे तो विचारत नाही. तेव्हापासून मी क्रमांकाऐवजी शेजारी शोधतो. हिस्टिडीन, लायसिन, दोन आर्जिनिन, ल्युसिन, सेरीन, अ‍ॅलानिन, ल्युसिन असा क्रम वहीत लिहिलेला आहे. तो अनुक्रमात सापडला की त्यातल्या सेरीनचा क्रमांक वाचतो. ई. कोलायमध्ये यातील पहिल्या ल्युसिनच्या जागी आयसोल्युसिन असते, त्यामुळे फाइल कोणाची उघडली आहे तेही तिथेच कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या उत्परिवर्तन सूचीत क्षयजंतूचेच क्रमांक आहेत, तरी जुन्या स्लाइडींवरून ५३१ उतरवणे थांबलेले नाही.

दुसरी चूक रंगांची, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांवरून रचना रंगवण्याची. प्रयोगाने मिळालेल्या रचनेच्या फाइलमध्ये बी-फॅक्टरच्या रकान्यातील मोठा आकडा म्हणजे तो भाग हलता किंवा अस्पष्ट. प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये त्याच रकान्यात विश्वासाचा गुणांक असतो, आणि तिथे ९० च्या वरचा आकडा उत्तम, तर ५० च्या खालचा भाग जवळपास सोडून देण्याजोगा. एकच रंगयोजना दोन्हींना लावली की खात्रीचा गाभा डळमळीत दिसतो आणि लोंबणारे टोक भक्कम. मी भाकिताची फाइल वेगळ्या फोल्डरमध्येच ठेवतो.

डॉकिंगपूर्वी पाण्याबरोबर सगळेच रेणू पुसून टाकण्याचा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही, कारण त्यात क्षयजंतूच्या आयएनएचए या प्रथिनाच्या रचनेतील एनएडीएच आणि कॅटजी या प्रथिनातील हीम हे कामाचे सहायक रेणूही जातात. त्यात भर म्हणजे आयसोनायझिड हे क्षयावरचे औषध थेट आयएनएचएमध्ये बसवून पाहणारे; ते औषध आधी कॅटजीकडून सक्रिय होऊन एनएडी या सहायक रेणूला जोडले जाते आणि तो जोडरेणू आयएनएचएला अडवतो, म्हणून सुटे आयसोनायझिड तिथे बसवण्यात अर्थ नाही.

आयएनएचए चार प्रथिनसाखळ्यांच्या संचाने काम करते. फाइलमध्ये एकच साखळी दिसली तर जैविक संचाची फाइल घ्यावी. कॅटजी शोधताना आरव्ही१९०८सी या त्याच्या जनुक-क्रमांकातील शेवटचा सी गाळू नये. तो जनुक विरुद्ध धाग्यावर असल्याची खूण आहे.