मोठा एंजलफिश अन् ॲनिमोन एकाच टाकीत, तेही आपल्या उन्हाळ्यात

एम्परर एंजल या समुद्री माशाचं पिल्लू दुकानात बोटाएवढं असते, निळ्या अंगावर पांढरी गोल वर्तुळं, पाहताच घ्यावं वाटते, पण तेच पुढं 40 सेंमीपर्यंत वाढते अन् पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचं होते. 6 बाय 2 बाय 2 फुटाची टाकी म्हणजे साधारण 680 लिटर, त्याच्या खाली तं जाऊच नका भाऊ. अन् एवढं वजन सारवलेल्या जमिनीवर नको, काँक्रीटचा ओटा बांधून घ्या.

बोअरचं जड पाणी चालत नाही, आरओ लागतेच. घरच्या आरओत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असते, ते थोडं कच्चं पाणी मिसळते, ते पूर्ण बंद करा, पुढं डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार ओढून घेणारे दाणे) लावा, टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाह्यजे. पाणी प्लास्टिकच्या ड्रममधे साठवा, तांब्याचा गुंड किंवा पितळी तोटी मधात कुठंच नको, तांबं उतरलं की ॲनिमोन (दगडाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा मऊ समुद्री जीव) गेलं समजा. मीठ मरीन टाकीचंच, लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पहिल्याच भरणीला 24 किलो! ग्रॅव्हिटी, म्हणजे साध्या पाण्याच्या मानानं खाऱ्या पाण्याचा जडपणा, 1.025.

खरा पेपर मे महिन्यात. बाहेर 45 अन् टाकी 25 ते 27 मधे ठेवायची. चिलर (पाणी थंड करायचं मशीन) परवडला तं बेस्टच, नाही तं संपवर (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीवर) पंखा मारा, कोरड्या हवेत पाणी उडते अन् दोन-तीन डिग्री उतरते, आपला कूलर चालते तसंच. पण उडते ते नुसतं पाणी, मीठ मागंच राह्यते, म्हणून वरून साधं आरओचं पाणी टाका, खारं टाकलं तं खारेपणा चढत जाते. पावसाळ्यात दमट हवेत हा पंखा काही कामाचा नाही. लाइट गेली की इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर (टाकीत पाणी फिरवत ठेवणारा पंप) अन् एअरपंप, काहून की गरम पाण्यात ऑक्सिजन तसाही कमीच राह्यते.

ॲनिमोन आणायचं ते टाकी सहा महिने मुरल्यावरच. बबल टिप जातीचं घ्या. ते फटीत पाय रोवते, पण जागा पटेपर्यंत फिरते, वेव्हमेकरला जाळी नसली तं त्यात ओढल्या जाते अन् सगळी टाकी नासते. कार्पेट ॲनिमोन टाळा, ते मासाच धरून खाते. दगड सिरॅमिकचा किंवा कोरडा घ्या, समुद्रातून काढलेलं प्रवाळ नको, कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या यादीत आहे, कोणी गुपचूप देत असला तरी नको.

आधी क्लाउनची (ॲनिमोनमधे घर करणाऱ्या छोट्या माशांची) जोडी, एंजल सगळ्यात शेवटी अन् एकच. समुद्रात हा स्पंज खाते, त्यामुळं मांसल काही दिसलं की टोचून पाह्यते, खात्री कोणीच देऊ शकत नाही. क्लाउन अंगावर धावून गेले की बरेचदा मागं सरते. पोट भरलेलं ठेवा, दिवसातून तीनदा नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), मायसिस (बारीक झिंग्यासारखे जीव), स्पंजवालं फ्रोजन. एवढं खाणं म्हणजे नायट्रेट (घाणीतून पाण्यात साचणारं द्रव्य) वाढणारच, तवा स्किमर (फेसासोबत घाण बाहेर काढणारं यंत्र) दणकट पाह्यजे. विकत घेताना दुकानदाराला समोर खाऊ घालायला सांगा, खात नसला तं सोडून द्या. घरी आणल्यावर महिनाभर वेगळ्या टाकीत, तांब्याचं औषध द्यायचं झालं तं तिथंच.

ॲनिमोन रोजच मिटलेलं अन् आखूड दिसत असन तं एंजलच काढा, दगडात पकडायला रात्र जाते पण इलाज नाही. एवढी रिस्क नको असन तं स्वॅलोटेल एंजल पाहा, फार तं 25 सेंमीपर्यंत होते, पाण्यात तरंगणारं बारीक खाते अन् ॲनिमोनच्या वाटेला सहसा जात नाही.